काऊनवाले सर

आमच्या केंद्रात नमुना द्यायला येणारा माणूस पहिल्यांदा यायचा तो तोऱ्यात आणि दुसऱ्यांदा यायचा तो अभ्यास करून. मधल्या काळात त्याची गाठ आमच्या सरांशी पडलेली असायची.

केंद्र म्हणजे गोंदियातल्या एका संस्थेच्या आवारातली दोन मजली इमारत. आसपासच्या महाविद्यालयांना एकेकट्याला परवडणार नाहीत अशी तपासणीची यंत्रं तिथं एकत्र ठेवली आहेत आणि ती सगळ्यांनी मिळून वापरायची. गावात एकच मळणीयंत्र असतं आणि ते या खळ्यावरून त्या खळ्यावर फिरतं, तसंच हे. फक्त आमची यंत्रं जागची हलत नाहीत, खळीच आमच्याकडे येतात. कुणी धानाचे दाणे आणतं, कुणी तळ्यातलं पाणी, कुणी मोहफुलांचा अर्क. यंत्रातून आकडे निघतात, ते घेऊन माणसं जातात, त्यांचे प्रबंध होतात, त्यांच्या नावाआधी डॉक्टर लागतं. आम्ही तिथंच. लोक आम्हाला ‘मशीनवाले’ म्हणतात. सर त्या मशीनवाल्यांचे मुख्य, म्हणजे तांत्रिक अधिकारी. मी त्यांच्या हाताखालची, दर अकरा महिन्यांनी नवा कागद मिळणारी कंत्राटी सहायक.

माझा तिथला पहिलाच आठवडा होता. एक मोठे प्राध्यापक आले, मागे दोन विद्यार्थी, विद्यार्थ्यांच्या हातात तांदळाच्या कोंड्याच्या पुड्या. सरांनी पुड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“या पोट्टीले सांगा, हे कायले तपासून राहिले तुम्ही.”

प्राध्यापक हसले. “तिला काय सांगायचं? तुम्हाला सांगतो ना.”

“मले सांगून काय फायदा जी? मशीन ते चालवणार हाये. तिले समजलं की घेऊ.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “विचार. काऊन म्हणून विचार.”

मी गोरेगावजवळच्या खेड्यातली, घरी धानाची शेती, एम.एस्सी. झालेली खरी, पण प्राध्यापकासमोर मान वर करायची सवय नव्हती. शेवटी कसंबसं तोंडातून निघालं, “सर, हे... काऊन?” प्राध्यापकांनी उत्तर द्यायला सुरुवात केली, मध्येच अडकले, विद्यार्थ्यांकडे पाहिलं. विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पाच मिनिटांनी सगळी वरात पुड्यांसकट परत गेली. मला वाटलं, आपली नोकरी आठवडाभराचीच. पण आठ दिवसांनी ते प्राध्यापक पुन्हा आले. या वेळी कोंडा तोच आणि तपासणी वेगळीच मागत होते, आणि दारातून त्यांनी विचारलं, “ती मुलगी कुठं आहे?”

हाच सरांचा नियम. केंद्रातल्या सर्वांत धाकट्या माणसानं ‘काऊन’, म्हणजे का, असं विचारायचं आणि उत्तर त्याला समजेपर्यंत नमुना टेबलावर ठेवायचा नाही. त्यामुळं साऱ्या जिल्ह्यात त्यांना ‘काऊनवाले सर’ म्हणत. काही प्रेमानं म्हणत, बरेचसे दात-ओठ खाऊन. संचालकांकडे तक्रारी जायच्या. संचालक बोलावून घ्यायचे, सर खाली मान घालून ऐकायचे, आणि परत येऊन पुढच्या माणसाला माझ्यासमोर उभं करायचे.

दिसायला म्हणाल तर चार लोकांत उठून दिसतील असे नव्हते, पण एका गोष्टीमुळं उठून दिसत. यंत्रांच्या खोलीत बाराही महिने थंडगार हवा सोडलेली असते, म्हणून सर बाराही महिने स्वेटर घालत. खाकी रंगाचा, कोपरांवर काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तांबडे तुकडे लावलेला. आणि संध्याकाळी काढायला विसरत. मे महिन्यात गोंदियाच्या रस्त्यावर डांबर पायाला चिकटतं, अशा उन्हात हा माणूस सायकलवर स्वेटर घालून घरी जायचा. पानठेल्यावरचे लोक म्हणायचे, “क्या साहब, ठंड लग गई क्या?” सर गंभीरपणे मान हलवायचे. घरी पोचल्यावर काकू तो स्वेटर ओढून काढायच्या आणि दोरीवर टाकायच्या. त्या मला एकदा म्हणाल्या, “बाई, दुसऱ्यायच्या घरी चड्ड्या-बनियन वाळत असते, माह्या घरी उन्हाळ्यात स्वेटर वाळते.”

बोलण्याचीही तऱ्हाच होती. यंत्रं विकायला येणाऱ्यांशी ते हिंदीत बोलत, प्राध्यापकांशी ठेठ झाडीबोलीत, आणि शुद्ध पुस्तकी मराठी त्यांनी फक्त रागासाठी राखून ठेवली होती. “तू येडी हायेस का?” म्हणाले तर समजायचं, सगळं ठीक आहे. “आपण जरा इकडे येता का?” म्हणाले की आम्ही आधी आपली चूक आठवायला लागायचो.

प्रबंध वाचायची त्यांची रीत तर जगात दुसऱ्या कुणाची नसेल. केंद्राचे आकडे वापरून झालेल्या प्रत्येक प्रबंधाची एक प्रत आमच्याकडे पाठवायची, असा नियम. प्रबंध आला की सर चष्मा पुसत, ऋणनिर्देशाचं पान उघडत, आणि तेवढंच वाचत. निळ्या पेन्सिलीनं खुणा करत. “हे पाय. आईबाबा आले. बायको आली. सासरा आला. टाइप करणारा आला. ज्याच्या खोलीत भाड्यानं राहत होता तो घरमालक आला. आनं आकडे काय मोहाच्या झाडाखाली वेचून आणले?” मग प्रबंधाला मुलांच्या वहीसारखे दहापैकी गुण द्यायचे. आमचं नाव नसेल तर तीन. ‘केंद्रातील कर्मचारी’ असं मोघम असेल तर पाच. एका गाइडांनी चिडून विचारलं, तुम्ही कोण गुण देणारे? सर म्हणाले, “मशीनवाला.”

पण नुसते चिडून ते गप्प बसले नाहीत. त्यांनी नमुन्याच्या अर्जावर खाली एक ओळ छापून घेतली, की प्रबंधात आणि लेखात तपासणी करणाऱ्याचं नाव लिहिलं जाईल, आणि त्याखाली गाइडांची सही. त्या ओळीसाठी ते दोन वर्षं संचालकांच्या दाराशी बसले. मी एकदा वैतागून म्हटलं, “सर, नावानं काय होते? पगार वाढते का?” ते म्हणाले, “पगार खाऊन संपते. नाव घेऊन दुसरीकडे जाता येते. तू काय जन्मभर माह्याच हाताखाली राहायले आली का?” त्यांच्या हाताखालून माझ्याआधी चारजण बाहेर पडले होते, चांगल्या चांगल्या ठिकाणी. इतर खात्यांचे प्रमुख आपली माणसं धरून ठेवायला धडपडत, आणि हे आपल्या माणसांना जाहिराती कापून आणून देत. जो जाईल त्याला स्टेशनवर पोचवायला स्वतः जात आणि परत आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलत नसत.

एका नियतकालिकात माझं नाव पहिल्यांदा छापून आलं, लेखकांच्या ओळीत, शेवटचं का होईना. सरांनी त्या पानाची झेरॉक्स काढली, आणि मला न सांगता गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी एसटीनं जाऊन, भाजीच्या दुकानांमधून शोधत शोधत माझ्या बाबांना गाठलं. बाबांना तोवर वाटायचं, मुलगी गोंदियाला जाऊन बटणं दाबते. सरांनी त्यांना नाव दाखवलं, इंग्रजीतलं, बोट ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवलं. बाबांनी कागद उलटापालटा केला आणि विचारलं, “आनं यात गावाचं नाव काऊन नाही जी?” सर परत आले ते खुशीत. म्हणाले, “आता समजलं तुले ‘काऊन’ कोठून आलं. घरूनच आणलंस.” तो कागद अजून आमच्या घरी देवघराच्या वर चिकटवलेला आहे. मला त्या कागदाचं काय वाटतं ते मी घरी कधी सांगितलं नाही, पण गावी गेले की आधी तिथं बघते.

आता पाहुण्यांबद्दल सांगते, कारण माझी गोष्ट त्यांच्यापाशीच बिघडली.

सर दर महिन्याला आलेल्या नमुन्यांत एखादा स्वतःचा बनवलेला नमुना गुपचूप मिसळायचे. नाव कुणाचंही लिहायचे, अक्षर बदलायचे. आत काय आहे ते फक्त त्यांना ठाऊक. त्याला आम्ही पाहुणा म्हणायचो. पाहुणा आला तर यंत्र चालवणाऱ्यानं तो ओळखायचा, आकड्याची जागा मोकळी ठेवायची आणि शेऱ्यात ‘बनावट नमुना’ असं लिहून अहवालाचा कच्चा कागद सरांकडे द्यायचा. सर ती ओळ खोडायचे, आणि मगच कागद टायपिंगला जायचा. ओळखला तर फाटकाबाहेर चहा-समोसा. नाही ओळखला तर सगळी रांग पुन्हा तपासायची. सुरुवातीला मी रांगाच रांगा तपासल्या. एकदा त्यांनी काकूंच्या हातची आंबील गाळून आणली होती आणि मी तिच्यावर दोन दिवस अक्कल खर्च केली. पण पुढं पुढं मला खूण कळली. बाटली उचलताच वाटायचं, हा पाहुणा. लागोपाठ दहा-अकरा महिने मी एकही सोडला नाही. समोसे खाऊन खाऊन मला माझ्याबद्दल जरा जास्तच खात्री वाटायला लागली.

मग तो एप्रिल आला. सालेकस्याच्या पलीकडच्या गावातली एक मुलगी हातपंपांच्या पाण्यावर संशोधन करत होती. तिनं बारा बाटल्या पाठवल्या. स्वतः येऊ शकली नाही, कारण घरी आजारपण होतं. तिच्या ओळखीच्या एक शिक्षिका रेल्वेनं घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवून गेल्या. ‘काऊन’ विचारायला समोर कुणी नव्हतं. फोन करता आला असता. मी केला नाही. सहा बाटल्या सरळ निघाल्या. सातव्या बाटलीत फ्लोराइड इतकं निघालं, की मी हसले. खरंच मोठ्यानं हसले. आजूबाजूच्या सहा पंपांना काही नाही आणि मध्येच हा एक? शिवाय बाटलीवरची ७ची शेपटी मला सरांच्या हातची वाटली, आणि बाटल्या बारा आहेत की तेरा हे मी मोजलंही नाही. मी आकड्याची जागा मोकळी ठेवली आणि ऐटीत लिहिलं, ‘बनावट नमुना’.

बाटल्या आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सर तापानं घरी पडून होते. कच्चा कागद त्यांच्या टेबलावर जायचा तो थेट टायपिंगला गेला. त्यावर शिक्का बसला, आणि तो त्या मुलीच्या गाइडांकडे पोचला.

तीन आठवड्यांनी संचालकांच्या टेबलावर तक्रार आली. गाइडांनी मुलीला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, की नमुन्यात काय मिसळलंस? तिचं काम थांबवलं होतं. संचालकांनी सरांना आणि मला बोलावलं. सरांनी अहवाल वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. त्या महिन्यात त्यांनी पाहुणा टाकलाच नव्हता. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी म्हटलं, “सर, मी...”

“आपण उद्या सकाळच्या गाडीनं सालेकसा येथे जाल,” सर म्हणाले. शुद्ध मराठीत. “नमुन्याच्या रिकाम्या बाटल्या सोबत घ्याल.”

सकाळी स्टेशनवर गेले तर हे स्वेटर घालून आधीच बाकावर बसलेले. गाडी सुटली. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनात एकच होतं, की आता अकरा महिन्यांचा कागद पुन्हा मिळत नाही. सालेकसा यायच्या थोडं आधी ते म्हणाले, “माही बी चूक हाये. चांगलं शिकवतो म्हणता म्हणता म्या तुले एक वाईट सवय लावली. जो आकडा पटत नाही त्याच्यावर हसायची.” मग थांबून म्हणाले, “पण माफी तूच मागजो. मी आवाज काढणार नाही.”

आणि खरोखर काढला नाही. त्या मुलीच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, त्यांच्या कडेला ते उभे राहिले. मी म्हटलं, “ताई, मी चुकली. तुमचा नमुना खरा होता. सातव्या बाटलीत फ्लोराइड खूप निघालं होतं.”

ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “मॅडम, एक फोन करता नाही आला का जी तुम्हाले? सगळ्याइच्या समोर मले लबाड म्हणलं. माह्या आईनं आयकलं ते.”

मग तिची आई आतून पाण्याचा गडवा घेऊन आली, आणि ती मुलगी एकदम म्हणाली, “आई, हे पाणी नको देऊ. हे त्याच पंपाचं हाये.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की माझ्या त्या हसण्यामुळं हे लोक आणखी महिनाभर तेच पाणी पीत राहिले होते. मी आयुष्यात एवढी कधी लाजले नाही.

आम्ही तिघं पंपावर गेलो. मी स्वतः तीनदा पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही बाटल्यांनी तोच आकडा दिला. नवा अहवाल गेला, गाइडांना माझ्या सहीचं माफीचं पत्र गेलं, ग्रामपंचायतीनं ‘पिऊ नये’ म्हणून पंपाला लाल रंग लावला. मुलीचं काम पुन्हा सुरू झालं. माझ्या फायलीत संचालकांचा ताकीद-पत्राचा कागद लागला, आणि अकरा महिन्यांची नेमणूक कशीबशी पुढं सरकली. सरांनी त्या दिवसानंतर पाहुण्याची रीत बदलली. कोणत्या महिन्यात पाहुणा आहे ते लिहून बंद पाकिटात संचालकांकडे ठेवायचं आणि पाकीट फोडल्याशिवाय एकही अहवाल बाहेर जाऊ द्यायचा नाही. चूक माझी, पण कुलूप त्यांनी स्वतःच्या दाराला लावलं.

यानंतर वर्षभरानं त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला.

केंद्रात पक्की जागा एकच होती, त्यांची. तिच्यावर त्यांची अजून दोन वर्षं उरली होती. आणि संस्थेच्या नियमाप्रमाणे पक्क्या नेमणुकीला वय अडतिसाच्या आत लागायचं. मला पुढच्या फाल्गुनात अडतीस पुरी होणार होती. हे सगळं मला लिपिकाकडून कळलं. अर्जात त्यांनी अटही घातली होती, की या जागेची जाहिरात निघून मुलाखती होईपर्यंत आपल्याला कामातून मोकळं करू नये. मी यंत्र चालू ठेवून त्यांच्या टेबलाकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले.

“तुम्हाले कोणी सांगतलं हे करायले? मी मागितली का तुमची दोन वर्षं? आनं मले नाही लागली तं? तुमची बी गेली, माही बी गेली!”

“ओरडू नको, मशीनचा पंप डिस्टर्ब होते.”

“सर, मी मस्करी नाही करून राहिली.”

“मी बी नाही,” ते म्हणाले. “तुह्यं वय संपून राहिलं म्हणून मी म्हातारा होऊन राहिलो. उगाच नाही कोणी म्हातारा होत. चार पोरं म्या बाहेर पाठवले. तू बाहेर जायची नाहीस, घरचं पाहा लागते तुले, मले मालूम हाये. मंग तू बाहेर नाही जाऊ शकत तं कोणीतरी जा लागते ना इथून.”

मी त्यांच्या घरी जाऊन काकूंना म्हटलं, तुम्ही तरी समजवा. काकू तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “बाई, मले त्याइच्या पगाराचं काही नाही. पण घरी बसल्यावर हे मले काऊन काऊन विचारतील, त्याचं भेव वाटून राहिलं.” आणि डोळे पुसायला आत गेल्या.

मुलाखतीला आम्ही सहाजण होतो. बाकीच्या पाचांपैकी दोघे पीएच.डी. झालेले, एक पुण्याहून आलेला. खोलीत संचालक, नागपूरहून आलेल्या एक तज्ज्ञ बाई, आणि सर. सरांनी सुरुवातीलाच लिहून दिलं होतं, की ही उमेदवार माझ्या हाताखालची आहे, मी हिला गुण देणार नाही. सर्वांना विचारतो तसा एक प्रश्न मात्र विचारीन. संचालकांचं झालं. तज्ज्ञ बाईंनी अर्धा तास यंत्रांवर घोळून घोळून विचारलं, मी उत्तरं दिली. चांगली दिली. मला दिसत होतं, की बाईंना पटत आहेत. मग सरांनी चष्मा काढला.

“आपण एका विद्यार्थिनीचा खरा नमुना बनावट ठरवला होता,” ते म्हणाले. शुद्ध, पुस्तकी, एकेक अक्षर सुटं. “त्याविषयी समितीला सांगाल का?”

तज्ज्ञ बाईंनी चमकून वर पाहिलं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. संचालकांनी हळूच माझी फाइल पुढं ओढली. मला सरांचा भयंकर राग आला. स्वतःची दोन वर्षं देऊन टाकली आणि आता स्वतःच लाथ मारतात? पण प्रश्न विचारला गेला होता. मी सांगायला लागले. बाटलीवरची सातची शेपटी, न केलेला फोन, हसणं, अंगण, गडवा. काही सोडलं नाही.

बाईंनी विचारलं, “तो शेरा लिहिताना एकदाही शंका आली नाही?”

“आली होती,” मी म्हटलं. “पण मला सगळं कळतं, याचा आनंद शंकेपेक्षा मोठा होता.”

“आणि आता?”

“आता पटणारा आकडा आला तरी मी फोन करते.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी उठून बाहेर आले.

सायकल स्टँडवर सरांना गाठलं. “काऊन विचारलं जी तुम्ही? काऊन? त्या बाईले ते माहीत नव्हतं! सगळं बरोबर चाललं होतं माह्यं!”

सर सायकलचं कुलूप काढत होते. “बाकीचे पाचजण बी बरोबरच सांगून गेले. म्या त्याइले बी हेच विचारलं, तुमची मोठी चूक सांगा. एकानं बी सांगतली नाही. म्हणते, चूकच नाही झाली.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता आवाज नेहमीचा होता. “म्या नसतं विचारलं तं तू बी नसतं सांगतलं. मंग त्या खुर्चीत बसून जन्मभर भेत राहिली असती, का कोणीतरी फाइल उघडंल.”

“आनं नोकरी गेली तं?”

“तं मी येडा ठरलो असतो,” सर म्हणाले. “त्याची सवय हाये मले.”

नोकरी गेली नाही. आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं, बिनमुदतीचं, ज्यावर अकरा महिने असे शब्द कुठंच नव्हते. मी ते घेऊन त्यांच्या घरी गेले, पाया पडले. त्यांनी पत्र वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, “व्याकरणाची एक चूक हाये, पण चालते.”

पण केंद्रात ते पुन्हा पाऊल ठेवायला तयार होईनात. निरोप समारंभाला आले तेवढेच. नंतर कितीदा बोलावलं, चहाला या, बघायला या, एकदा तरी. नाहीच. मला वाईट वाटायचं. वाटायचं, मनातून दुखावले असणार. दोन वर्षं म्हणजे काही कमी नाहीत.

मी खुर्चीत बसून तीन आठवडे झाले होते तेव्हा द्रवातले घटक वेगळे करणारं आमचं मोठं यंत्र अडलं. पंप दाब धरेना. बाहेर चाळीस नमुने, दोन विद्यार्थ्यांच्या तारखा जवळ आलेल्या, आणि कंपनीचा इंजिनिअर आठ दिवस येऊ शकत नव्हता. संचालक म्हणाले, “सर असते तर...” आणि वाक्य अर्धवट सोडलं. मी सरांना फोन लावला. काकूंनी उचलला.

“ते घरी नाहीत वो.”

मागं मला त्यांचा खोकला स्पष्ट ऐकू आला. मी संध्याकाळी पुन्हा लावला. “बाहेर गेले.” दुसऱ्या दिवशी सकाळी लावला, दुपारी लावला. “नाहीत.” मला रडू कोसळलं. एवढं मनाला लावून घ्यायचं माणसानं? मग रडणं थांबवून मी पंप खोलला. एकेक भाग काढून पांढऱ्या कपड्यावर मांडला. दोन दिवस. कुणी विचारलं तर सांगायचे, माहीत नाही, शोधून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. एक बारीकशी सील उलटी बसली होती. मागच्या सफाईत मीच बसवलेली. ती सुलटी केली, पंप चालू केला आणि दाबाचा आकडा चढून जागेवर थांबला. मी तिथंच स्टुलावर बसले आणि फोन लावला.

“काकू, ते घरी नसले तरी आल्यावर सांगा त्याइले. मशीन सुरू झाली. मीच केली.”

काकू एकदम बोलायला लागल्या, जसं कुणी तोंडावरचा हात काढावा तसं.

“झाली का वो? झाली? अवो, घरीच हायेत ते! तीन दिवस झाले, मोबाईल मांडीवर घेऊन बसून राहिले. तुह्या फोन आला का मले देतात, म्हणतात, नाही म्हण. आंघोळीले गेले तं मले बसवून गेले फोनपाशी. धड जेवले नाहीत. म्या म्हणलं, सांगून टाका ना त्या पोरीले, कायले जीव घेऊन राहिले तिचा आनं माह्या. तं म्हणे, म्या आज सांगतलं तं उद्यापासून ते खुर्ची पुन्हा माहीच होते.”

“आता काय करून राहिले?” मी विचारलं.

फोन बाजूला गेल्याचा आवाज आला. भांडी वाजली. मग काकू परत आल्या.

“काही नाही. हात धुऊन पाटावर बसले. म्हणे, वाढ.”